घरगाडी लातूरला ठेवून आले

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा तिकडं पेढे वाटले, हलग्या वाजल्या, असं ऐकलं. आमच्या घरी नांदेडला त्या दिवशी दोडक्याची भाजी होती. जेवता जेवता हे म्हणाले, "आता आपली गाडी तिकडं जाणार." मी म्हटलं, जाऊ द्या की, सरकारची गाडी, सरकार नेईल तिकडं जाईल. तर हे भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला पाहिजे होती. पण मी ताक वाढत होते.

हे म्हणजे माझे यजमान, किसनराव. पाण्याचा सर्वे करणाऱ्या सरकारी खात्यात ड्रायव्हर. आणि 'आपली गाडी' म्हणजे घरगाडी. ट्रकच्या सांगाड्यावर पत्र्याची खोली बसवलेली. आत फळ्यांचे दोन पलंग, भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल, स्टोव्हपुरता ओटा, पलंगाखाली पाण्याची टाकी आणि टाकीची तोटी बाहेरच्या अंगाला. जमिनीखाली पाणी कुठं लागतं ते बघत साहेब लोक गावोगाव हिंडायचे, त्यांच्या मुक्कामासाठी ही गाडी. साहेब बदलत राहिले, ड्रायव्हर तोच राहिला. बहात्तरच्या दुष्काळात ही गाडी नांदेडला आली आणि माझा नवरा घरातून गेला, असं माझं म्हणणं आहे. महिन्याचे चार-पाच दिवस घरी, बाकीचे गाडीत. अशी दहा वर्षं. मी शाळामास्तरीण, पोरगा औरंगाबादला शिकायला, घरात मी आणि रेडिओ.

गाडी नव्या जिल्ह्याला द्यायचं ठरलं तेव्हा साहेबांनी यांना सांगितलं की गाडीबरोबर लातूरला कायमचं जायचं असलं तर तसा अर्ज लिहून दे, नसलं तर गाडी पोचवून परत ये आणि इथं ऑफिसची जीप चालव. हे मला कळलं कुणाकडून, तर शेजारच्या क्लार्कच्या बायकोकडून. यांना विचारलं तर म्हणाले, "बघू." यांचा हा 'बघू' फार जुना आहे. आमच्या लग्नाच्या बैठकीत सुद्धा हे 'बघू' म्हणाले होते आणि माझ्या वडलांना आठ दिवस नीट झोप नव्हती.

मला काय पाहिजे होतं ते सरळ सांगते. मला हा माणूस घरी पाहिजे होता. पाचला ऑफिस सुटावं, यांनी सायकलला पिशवी अडकवून कोथिंबिरीची जुडी आणावी, ती निवडता निवडता मी शाळेतली गाऱ्हाणी सांगावी आणि यांनी 'हूं हूं' करावं. यापेक्षा जास्त काही नाही. एवढ्यासाठी दहा वर्षं थांबले होते, आणि आता सगळं एका अर्जावर येऊन ठेपलं होतं. म्हणून गाडी पोचवायची तारीख ठरली तेव्हा म्हटलं, मी पण येते. सरकारी गाडीत बायको बसवायची नसते. साहेब भला माणूस, म्हणाले, मी काही बघितलं नाही. शाळेत रजा टाकली आणि निघाले. उत्तर काढून आणायचं, असं ठरवूनच निघाले.

अहमदपूर

निघायच्या आदल्या दिवशी अर्धापूरहून माझा भाऊ केळीचा आख्खा घड देऊन गेला होता. तो यांनी गाडीत छताच्या कडीला टांगला. लोह्याच्या पुढं घाट लागला तसा घड माझ्या डोक्यावर डुलायला लागला. मी मागं पलंगावर बसले होते आणि हे पुढं. आमच्यात एक जाळीची खिडकी. नवरा-बायको प्रवासाला निघाले, पण बोलायचं तर ओरडून. तुरी पिवळ्याधमक होत्या, करडईला काटे फुटले होते. असलं काही दिसलं की हे जाळीतून बोट दाखवायचे.

मुक्काम अहमदपूरला, एस.टी. स्टँडच्या मागच्या मोकळ्या जागेत. चहावाला मोठा खुशीत होता. म्हणाला, आता आमचा जिल्हा लातूर, उस्मानाबादचे हेलपाटे संपले. मी नांदेडची आहे म्हटल्यावर त्याला माझी जराशी कीव आली असावी, त्यानं चहात आलं जास्त टाकलं.

तिथं मी गाडी पहिल्यांदा नीट बघितली. आणि खोटं कशाला सांगू, मला राग आला. काडेपेटी दोरीला बांधून स्टोव्हशेजारी. चहाचे कप खिळ्यांना, सगळ्यांचे कान एकाच बाजूला. मिठाच्या डबीवर खडूनं 'मीठ'. पांघरुणाची घडी अशी की कोपऱ्याला कोपरा. आमच्या घरात आहे तोच निळ्या चौकटीतला फोटो, त्याच्यावर धुळीचा कण नाही. घरी हा माणूस कप विसळून ठेवत नाही. धोतराचा पिळा न्हाणीत तसाच. मी विचारलं, "हे सगळं कोण करतं?" हे म्हणाले, "कोण करणार? मीच." वर असे बघतात की मी हे काय विचारतेय. म्हणजे संसार येत होता यांना. दुसरीकडं मांडला होता, एवढंच.

थंडी मात्र तिथंच कळाली. पत्र्याची खोली दिवसभर तापते आणि दिवस कलला की अर्ध्या तासात गारठते. फरशीच्या फळ्यांमधून वारा यायचा, दाराच्या फटीतून यायचा, टाकीच्या पाइपासाठी पत्र्याला भोक पाडलं होतं तिथून तर शिट्टी वाजायची. मी यांना म्हटलं, उद्या मी ह्याचा बंदोबस्त करते. हे म्हणाले, "बघू."

देवणी

उदगीरवरून देवणीला गेलो. गाडी लातूरला देण्याआधी तिथल्या बोअरच्या पाण्याची पातळी मोजून वहीत लिहायची होती, दोन दिवसांचं काम. देवणी म्हणजे जनावरांचं गाव. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे बैल, कान लोंबलेले, चाल अशी की गावचा पाटील चालला. आमच्याकडं पाव्हणा आला की पोराबाळांची चौकशी होते, तिथं आधी जनावरांची होते. मला एकीनं विचारलं, घरी किती हायत? मी म्हटलं, एक मुलगा. ती म्हणाली, तसं न्हाई बाई, गाया किती?

ही विचारणारी गंगव्वा. बोअर तिच्या वावराला लागून, गाडीही तिच्याच अंगणाशेजारी उभी राहायची. सत्तरीची बाई, बोलण्यात कानडीचे शब्द. यांना 'तम्मा' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. आम्ही उतरलो तशी तिनं यांच्याकडं बघून न विचारताच चूल पेटवली. अंबाडीची भाजी, ज्वारीची कडक भाकरी आणि जवसाची चटणी. मी माझ्या घरी यांना पाव्हण्यासारखं जेवायला घालते. ह्या बाईनं यांना घरच्यासारखं वाढलं, मागितल्याशिवाय दुसरी भाकरी दिली नाही.

हे पातळी मोजायची फीत घेऊन बोअरवर गेले आणि मी पदर खोचला. गाडी थंडीला तयार करायची म्हणजे काय, मला काय ठाऊक? मी माझ्या अक्कलहुशारीनं केलं. शाळेत भिंतीवर चित्रं चिकटवायला आम्ही कणकेची खळ करतो. तशीच पातेलंभर खळ शिजवली. जुन्या पेपराच्या पट्ट्या, चिंध्या, सुतळीचे तुकडे, सगळं खळीत बुडवून एकेक फट बुजवली. पाइपाच्या भोकात तर कणकेचा गोळाच ठासला. खिडक्यांच्या कडा बंद केल्या. दारावर यांची चादर टांगली. संध्याकाळपर्यंत गाडीत वाऱ्याची झुळूक येईना. मी खूश. म्हटलं, आता दहा वर्षांत कुणी करून दिली नसेल अशी गरम भाकरी करून देते. गंगव्वाकडून कोळशाची शेगडी मागून आणली, आत ठेवली, दार ओढून घेतलं.

किती वेळ गेला माहीत नाही. भाकरी थापताना हात जड वाटायला लागले. डोकं ठणकायला लागलं. वाटलं, जरा टेकावं. पलंगाला पाठ टेकली ती आठवते. त्यानंतर धाडकन दार उघडल्याचं आठवतं, आणि कुणीतरी काखेत धरून ओढतंय. गंगव्वाच्या ओट्यावर बसवून यांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं. यांचा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"कमल, ही खोली न्हाई, पेटी हाय पेटी. पेटीत विस्तव ठेवून झाकण लावत्यात का?"

बोलताना यांच्या हातातल्या तांब्यातलं पाणी सांडत होतं. गंगव्वा मला लिंबू हुंगायला देत होती आणि मी यांच्या हाताकडं बघत होते. डोकं फुटायला आलेलं, पण मला बरं वाटत होतं. दहा वर्षांत माझ्यासाठी यांचा जीव असा वर-खाली झालेला बघायला मिळाला नव्हता. हे बोलू नये, पण झालं होतं ते झालं होतं.

दुसऱ्या दिवशी यांनी मला शिकवलं, थंडीत ह्या गाडीत कसं राहायचं ते. वारा ज्या अंगाला नाही तिकडची खिडकी दोन बोटं उघडी पाहिजेच, कितीही गारठा असो. विस्तव बाहेर. शेगडीत वीट तापवायची, ती गोणपाटात गुंडाळून पायाशी घ्यायची. पलंगाच्या फळ्यांवर आधी कडबा, त्यावर गोणपाट, त्यावर गादी, कारण थंडी खालून येते. सकाळी पत्र्याला आतून घाम सुटतो, तो कोरड्या फडक्यानं पुसायचा, नाहीतर पांघरुणं ओलसर राहतात आणि छातीत कफ होतो. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? म्हणाले, पहिल्या साली खोकून खोकून शिकलो. मला त्या खोकल्याची खबर नव्हती. घरी पत्र आलं होतं ते 'मी खुशाल आहे' असंच आलं होतं.

हे पुन्हा बोअरवर गेले तेव्हा गंगव्वा माझ्याजवळ येऊन बसली. तिनं सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. दुष्काळात देवणीच्या विहिरी कोरड्या पडल्या. टँकर एक दिवसाआड यायचा, कधी यायचा नाही. तेव्हा हे कामावरून येताना लांबच्या एका विहिरीवरून गाडीची टाकी भरून आणायचे आणि इथं तोटी सोडायचे. साहेबांच्या आंघोळीचं पाणी होतं ते. पहिल्या दिवशी गावातली निम्मी माणसं लांब उभी राहिली. ड्रायव्हर कुणातला, ते आधी विचारलं गेलं आणि कळल्यावर बायकांनी घागरी परत नेल्या.

"म्या बी नेली," गंगव्वा म्हणाली. "दुसऱ्या दिशी वासरू पाण्यासाठी हंबरायलं. मग आले घागर घिऊन. तम्मा काही बोलला न्हाई. घागर भरली, वर चुंबळ डोक्यावर नीट ठेवून दिली."

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही, असं ती म्हणाली. ती उठून गेली तरी मी तिथंच बसून राहिले. माझी सासू मला एकदा बोलली होती की किसन लहान असताना गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन उन्हात उभा राहायचा, कुणीतरी वरून ओतील म्हणून. शिवायची सोय नव्हती. हे स्वतः ते कधी बोलले नाहीत. आणि ही तोटीची गोष्ट पण घरी सांगितली नाही. मी कायम म्हणत आले की खात्यानं माझा नवरा पळवला. कुणाला काय पाजायला गेला होता, ते विचारलं नव्हतं.

लातूर, येळवस

लातुरात शिरलो तर रस्ते सामसूम. दुकानं बंद, रिक्षा नाही, चौकात एक कुत्रं. यांनी गाडी हळू केली, जाळीतून म्हणाले, "काही गडबड झाली का काय?" मला वाटलं, कुणी मोठं माणूस गेलं. नवं ऑफिस शोधून काढलं तर फाटकाला कुलूप. हाका मारल्यावर शेजारच्या खोलीतून वॉचमन आला, गुंडप्पा नावाचा. नवं धोतर, डोक्याला नवा रुमाल. आमच्याकडं बघून तो हसायलाच लागला. म्हणाला, आज येळवस हाय, आज लातुरात माणूस कुठला दिसतोय? सगळे वावरात.

आमच्या नांदेडात वेळा अमावास्या नुसती पंचांगात असते. इकडं सगळं शहर उठून रानात जेवायला जातं. साहेब उद्या येणार, गाडी उद्या ताब्यात घेणार. गुंडप्पानं आम्हाला सोडलं नाही, ऑफिसमागंच त्याच्या भावाचं वावर होतं तिथं घेऊन गेला. कडब्याची खोप, पांढऱ्या रंगानं रंगवलेले दगड, त्यांची पूजा. आम्ही पूजा करत नाही, आम्ही बाजूला बसलो, तर त्यांनी पण आग्रह केला नाही. पण जेवणाचा केला. सगळ्या शेंगा, पालेभाज्या, बेसन घालून केलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं आंबील. आंबील मी तीनदा मागून घेतलं. कोण कुठले, काही चौकशी नाही, 'नांदेडचे पाव्हणे' एवढ्यावर भागलं.

जेवून परत आलो आणि गाडी झाकायच्या कामाला लागलो. नव्या ऑफिसात अजून सर्वेची मंजुरी आली नव्हती. थंडी सरेपर्यंत गाडी नुसती उभी राहणार होती. हे म्हणाले, चालती गाडी आपली आपण नीट राहते, उभी गाडी बिघडते. मग एकेक काम. जॅक लावून गाडी उचलली, चाकांशेजारी लाकडी ठोकळे दिले, म्हणजे टायरवर वजन येत नाही. बॅटरी काढून गुंडप्पाच्या खोलीत नेऊन ठेवली. रेडिएटरचं पाणी सोडलं. गाद्या उन्हात घातल्या, घडी करताना मध्ये कडुलिंबाचा पाला. आणि माझी खळ!

देवणीत मी लावलेल्या पट्ट्या वाळून कडक झाल्या होत्या. पाइपाच्या भोकातला कणकेचा गोळा निम्मा गायब होता, बाजूला उंदराच्या लेंड्या. हे खाली बसून हसायला लागले. म्हणाले, "कमल, थंडी अडवली का उंदरांची पंगत मांडली?" एका मुक्कामात ही गत, तर उभ्या गाडीत महिनाभरात काय झालं असतं! मग मी सगळी खळ गरम पाण्यानं, खराट्याच्या काडीनं खरवडून काढली आणि यांनी प्रत्येक भोकाला बारीक जाळी ठोकली. हसत होतो दोघं. संसाराला वीस वर्षं होत आली होती आणि एका कामाला दोघांचे हात लागल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही. मला ते काम संपूच नये असं वाटत होतं.

टाकी रिकामी करायची वेळ आली तेव्हा यांनी तोटीखाली बादली धरली. उभ्या टाकीत पाणी राहिलं की गंज चढतो, थेंब ठेवायचा नाही. पण ते जमिनीवर सोडून द्यायला यांचा हात होईना. बादली बादली गुंडप्पाच्या म्हशीला, त्याच्या बायकोच्या रांजणाला, उरलेलं फाटकाजवळच्या लिंबाच्या रोपाला. मग तोटी उघडीच ठेवली, किटली, घागर, पातेलं, सगळं पुसून पालथं घातलं. हे ताडपत्री आणायला गेले. मी आतून शेवटचा झाडू मारला, आणि कोपऱ्यात, फोटोखाली, तांब्या दिसला. काठोकाठ भरलेला, वर वाटी.

मी झाडू खाली ठेवला आणि वाटी उचलली.

आमच्या घरी माझ्या सासूची रीत आहे. गावाला निघताना घरातली सगळी भांडी रिकामी करून पालथी घालायची, पण एक तांब्या भरून ठेवायचा. परत येणाऱ्या माणसाला घोटभर पाणी. दुष्काळात सुद्धा तिनं ते मोडलं नाही. आणि घर कायमचं सोडायचं असलं, तर तो तांब्या पण पालथा. भाड्याची खोली सोडताना मी स्वतः पालथा घातला होता.

हे ताडपत्री घेऊन आले आणि माझं तोंड बघून दारातच थांबले.

"अर्ज कुठाय?" मी विचारलं.

यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "दिला न्हाई अजून. उद्या चावी तर द्यायचीच हाय. संगं हे द्यायचं का न्हाई, ते तू सांग. न्हाई म्हणलीस तर हितंच फाडतो."

"मला तुम्ही घरी पाहिजेत," मी म्हटलं. "रोज. महिन्यातले चार दिवस नको."

"ठाव हाय मला." मग पायरीवर बसत म्हणाले, "नांदेडात जीप धुईन, साहेबाला घरी सोडीन. तू म्हणलीस तर करीन. तोंड वाकडं करणार न्हाई."

मला माहीत होतं, करणार नाहीत. तेच तर अडलं. एका पावसाळ्यात घरगाडी दुरुस्तीला गेली होती, दोन महिने हे घरीच होते. पाचला यायचे. कोथिंबीर आणायचे. मी गाऱ्हाणी सांगायची, हे 'हूं' म्हणायचे आणि उंबऱ्यात बसून रस्त्याकडं बघायचे. रात्रंदिवस माझ्या डोळ्यासमोर होते, आणि मला यांची आठवण येत होती. त्या दोन महिन्यांत मी ज्याची वाट बघते तो माणूस आला नव्हताच. तो देवणीत मला दिसला, गंगव्वाच्या ओट्यावर भाकरी खाताना, वहीत पाण्याची पातळी लिहिताना.

मी वाटी उचलली होती ती परत तांब्यावर ठेवली. "द्या अर्ज," म्हटलं. "पण मी हे खुशीनं म्हणत नाही, हे पण ध्यानात असू द्या. माझी रोज आठवण झाली पाहिजे."

"रोजच होती," हे म्हणाले. आणि उठून ताडपत्रीच्या दोऱ्या सोडवायला लागले. मी दुसरं टोक धरलं. ताडपत्री गाडीला चिकटू द्यायची नसते, खालून हवा खेळली पाहिजे, म्हणून मधे बांबू घातले. चारी बाजूंनी दोर आवळला. यांनी मला गाठ शिकवली, ओढली की घट्ट बसते आणि एका झटक्यात सुटते. मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा आली.

लातूरचा स्टँड

दुसऱ्या दिवशी साहेब आले, चावी घेतली, अर्ज वाचला आणि खूश झाले, नव्या ऑफिसला माणसं पाहिजेच होती. म्हणाले, किसनराव, आजपासूनच हजर व्हा, आठ दिवसांनी एकदा ताडपत्री सोडून गाडी बघायला कुणीतरी लागणारच आहे. गुंडप्पानं शेजारची खोली झाडून दिली. सगळं इतक्या लवकर झालं की यांची दुसरी कपड्यांची जोडी माझ्याच पिशवीत राहिली होती, ती स्टँडवर काढून दिली. उरलेली केळी यांनी मला परत नेऊ दिली नाहीत, गुंडप्पाच्या बायकोला दिली. मी यांना सांगितलं, गाडी सुटेपर्यंत थांबू नका. हे थांबले. एस.टी. हलली तेव्हा खिडकीशी दोन पावलं चालले आणि मग धुळीत दिसेनासे झाले.

मी पदरानं तोंड पुसून घेतलं. कंडक्टर आला. "बोला बाई, कुठं?"

"नांदेड," मी म्हटलं. "दोन."

दहा वर्षं मी एकटीनं फिरले होते. माहेरी, बाजाराला, पोराला भेटायला औरंगाबादला. दरवेळी 'एक' म्हणायची सवय. ती चार-पाच दिवसांत मोडली होती. कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली आणि माझ्या शेजारी बघितलं. तिथं माझी पिशवी होती.

"दुसरं कोण हाय?" त्यानं विचारलं.

"मागं राहिले," मी म्हटलं.

त्याला वाटलं, गाडी चुकली. बिचारा थांबवू का म्हणून विचारायला लागला. मी नको म्हटलं. दुसरं तिकीट त्यानं परत मागितलं नाही आणि मी दिलं नाही. पिशवी तशीच सीटवर ठेवली आणि कुणाला बसू दिलं नाही. अहमदपूरला गर्दी झाली. एक लेकुरवाळी बाई उभी होती, पोर कडेवर झोपलेलं, दांडा धरायला हात मोकळा नव्हता. मी पिशवी मांडीवर घेतली आणि तिला म्हटलं, बस बाई, जागा आहे.